न तोडलेल्या झाडाचं बिल

नॉर्वे हा देश समुद्रातलं तेल आणि गॅस विकून एवढा गब्बर झालाय की पुढच्या कित्येक पिढ्या बसून खातील, आणि हाच नॉर्वे २००८ पासून ब्राझीलला पैसे देतोय, कशाबद्दल तर ॲमेझॉनचं जंगल तोडलं नाही म्हणून. यात दानधर्म कमी आणि ठेका जास्त आहे, आणि म्हणूनच मला हा सगळा प्रकार आवडतो. मी बिलिंग इंजिनीअर, रस्ते-पुलांच्या सरकारी कामांची बिलं करण्यात माझी वर्षं गेली, त्यामुळे जगातल्या जंगलांबद्दल कुठलीही बातमी आली की माझं पहिलं लक्ष हेच, की मोजणार कोण, रेट काय, आणि पेमेंट कधी.

आमच्याकडे एमबी असते, मेजरमेंट बुक. त्यात काम मोजून चढलं नाही तर बिल नाही, मग तुम्ही साइटवर सोन्याचा रस्ता का करेनात. आता प्रश्न असा, की जे झालंच नाही ते एमबीत चढवायचं कसं? चहा पिताना आमच्या एका जुन्या ठेकेदाराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, न केलेल्या कामाची बिलं आमच्याकडं पण निघतात की, त्यात नवीन काय?" हसलो सगळे. पण ब्राझीलवाल्यांनी खरंच त्याची पद्धत बसवलीय, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

२००८ साली लुला राष्ट्राध्यक्ष असताना ब्राझीलने ॲमेझॉन फंड काढला. पैसे ठेवायचे आणि वाटायचे काम त्यांच्याच सरकारी विकास बँकेकडे, बीएनडीईएसकडे. नॉर्वेने कबूल केलं की आम्ही १ अब्ज डॉलरपर्यंत देऊ, पण काम दिसल्यावर. हिशोब असा: १९९६ ते २००५ या दहा वर्षांत दरवर्षी सरासरी साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल तुटत होतं, ही झाली बेसलाइन. पुढच्या एखाद्या वर्षी त्यापेक्षा जेवढं कमी तुटेल तेवढं 'वाचलेलं' धरायचं. एका हेक्टरच्या झाडांमध्ये १०० टन कार्बन धरला (मुद्दाम कमी धरलाय, म्हणजे कोणी भांडायला नको), त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो साधारण ३६७ टन, आणि टनाला ५ डॉलर. म्हणजे वाचलेल्या हेक्टरला अठराशे डॉलरच्या वर. बेसलाइन कायमची नाही, दर पाच वर्षांनी ती पुढे सरकवायची, म्हणजे सरासरी खाली आली की पुढच्या वेळेला तेवढ्याच पैशाला जास्त मेहनत. आमच्याकडे डीएसआर, म्हणजे सरकारी कामांचे रेट, ठरवणाऱ्यांनी शिकावं असं आहे.

आता मोजणार कोण. इन्पे म्हणून त्यांची अंतराळ संशोधन संस्था आहे, ती १९८८ पासून सॅटेलाइटचे फोटो बघून दरवर्षी आकडा काढते, त्या सिस्टीमचं नाव प्रोडेस. सव्वासहा हेक्टरपेक्षा मोठा सपाट केलेला तुकडा असेल तर तो धरायचा. वर्ष ऑगस्ट ते जुलै, कारण पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही आणि तोडणारेही कोरड्या दिवसातच तोडतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे हा डेटा उघडा आहे, नकाशासकट, कोणीही बघावा. आमच्याकडे डेप्युटी साहेब टेस्ट चेक करतात, इथे अख्खं जग टेस्ट चेक करतं.

आकडे बघा. २००४ साली तुटलं २७,७७२ चौरस किलोमीटर. हे डोळ्यासमोर येत नाही म्हणून सांगतो, आपला नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) अधिक सातारा जिल्हा, पूर्ण, एका वर्षात. २०१२ साली तोच आकडा ४,५७१ वर आला, म्हणजे सिंधुदुर्गापेक्षाही लहान. आठ वर्षांत एवढी घट, आणि या काळात ब्राझीलचं सोयाबीन आणि गुरं कमी झाली असं अजिबात नाही, उलट वाढलीच.

आता हे नॉर्वेच्या पैशाने झालं का? नाही. इथेच बहुतेक लोक घोळ करतात. २००४ ला मरिना सिल्व्हा पर्यावरणमंत्री होत्या, आक्रे नावाच्या आडबाजूच्या राज्यात रबराच्या चिकाची कामं करणाऱ्या घरातली बाई, सोळाव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि चिको मेंडिसबरोबर काम केलेली. (चिको मेंडिस म्हणजे रबर काढणाऱ्यांचा पुढारी, जंगलतोडीच्या आड आला म्हणून १९८८ च्या डिसेंबरात त्याच्या घराच्या दारात गोळी घातली.) त्यांनी जो आराखडा आणला त्यात पर्यावरण खातं एकटं नव्हतं, बाकीची खाती पण बांधून घेतली होती. इन्पेने दुसरी सिस्टीम चालू केली, देतेर, ती वर्षाचा आकडा काढत बसत नाही, काही दिवसांतच अलर्ट देते की इथे इथे नवीन तुकडा मोकळा झालेला दिसतोय. तो अलर्ट जातो इबामाकडे, म्हणजे त्यांची पर्यावरणाची अंमलबजावणी करणारी यंत्रणा. इबामाची माणसं हेलिकॉप्टरने किंवा फोर बाय फोरने तिथे पोचतात, दंड लावतात, ती जमीन 'एम्बार्गो' करतात म्हणजे त्यावर पिकवलेलं विकायला बंदी, आणि रस्ता नसेल, बुलडोझर बाहेर आणणं शक्य नसेल तर कायद्याने तो जागेवरच पेटवून देता येतो. लाख लाख डॉलरचं मशीन डोळ्यादेखत जळताना बघितलेला माणूस परत तिथे मशीन घालायच्या आधी दहादा विचार करतो.

पण मला विचाराल तर खरा फास आवळला बँकेने. २००८ साली त्यांच्या सेंट्रल बँकेने नियम केला की ॲमेझॉनमध्ये शेतीकर्ज हवं असेल तर जमिनीचे आणि पर्यावरणाचे कागद दाखवा, नाहीतर कर्ज नाही. त्याच्या आधी २००६ साली सोयाबीनच्या बड्या व्यापाऱ्यांनी, पर्यावरणवाल्यांनी रान उठवल्यावर, मान्य केलं होतं की ॲमेझॉनमध्ये नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन आम्ही घेणारच नाही. माल कोणी घेईना, बँक दारात उभी करेना, आणि वरून हेलिकॉप्टर यायचं. मग माणूस कशाला तोडेल.

मग नॉर्वेचे पैसे कशाला? तर हे सगळं चालू ठेवायला. इबामाच्या हेलिकॉप्टर आणि गाड्यांचं भाडं, राज्यांच्या अग्निशमन दलांचं सामान, शेतकऱ्यांच्या जमिनींची डिजिटल नोंदणी, आदिवासी इलाख्यांचे प्रकल्प, यात त्या फंडातले पैसे गेलेत. पेट्रोल आणि भाडं, एवढं साधं. कुठल्याही सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला माहितीय की कायदा कितीही कडक असू द्या, गाडीत डिझेल नसेल तर साहेब टेबलावरच बसतो, आणि डिझेलचं हेड हे बजेटमध्ये कपात आली की सगळ्यात आधी कापलं जाणारं हेड असतं.

२०१८ पर्यंत फंडात जे आलं त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त एकट्या नॉर्वेचे, बाकी बहुतेक जर्मनीचे, आणि किरकोळ पेट्रोब्रासचे, म्हणजे ब्राझीलची स्वतःची तेल कंपनी. तेलाचेच पैसे सगळीकडून, असो.

या नॉर्वेला पण काही धुतल्या तांदळाचा म्हणायचं कारण नाही. नॉर्स्क हायड्रो ही ॲल्युमिनियमची कंपनी, तिचा साधारण एक तृतीयांश हिस्सा नॉर्वे सरकारचा, तिची अॅल्युमिनाची मोठी रिफायनरी ॲमेझॉनच्या तोंडाशी बार्कारेना गावात आहे, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत मोठा पाऊस झाला तेव्हा तिथून प्रक्रिया न केलेलं पाणी बाहेर सोडलं गेलं, मग तिथल्या यंत्रणेने आणि कोर्टाने उत्पादन निम्म्यावर आणायला लावलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ ला, ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष तेमेर ऑस्लोला गेले होते तर नॉर्वेने त्यांना पाहुणा म्हणून बोलावून तोंडावर सांगितलं की तोड वाढलीय, या वर्षीचे पैसे निम्म्यावर येतील. आता ठेक्याच्या हिशोबाने बरोबरच आहे ते, काम कमी तर बिल कमी. पण आठ महिन्यांत स्वतःच्या घरच्या कंपनीची ही भानगड, त्यामुळे ब्राझीलमध्ये 'आम्हाला शहाणपण शिकवणारे हे कोण' असं म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं.

आणि २०१९ ला ते म्हणणाराच सत्तेत आला. बोल्सोनारो सरकारने फंड चालवणाऱ्या दोन्ही समित्या बरखास्त केल्या, एक पैसे कुठे घालायचे ते ठरवणारी आणि दुसरी किती कार्बन वाचला ते तपासणारी. समित्याच नाहीत म्हटल्यावर करार उभा राहणार कशावर, नॉर्वे आणि जर्मनीने हात आखडते घेतले. यावर बोल्सोनारो म्हणाले की ते पैसे घ्या आणि मर्केलबाईंना द्या, जर्मनीत झाडं लावा म्हणावं. नॉर्वेवाले देवमासे मारतात असं सांगायला त्यांनी एक व्हिडिओ पण टाकला, तो निघाला फेरो बेटांवरचा, म्हणजे डेन्मार्ककडचा. व्हॉट्सॲप विद्यापीठ सगळीकडे सारखंच.

त्याच वर्षी तिथल्या कोरड्या दिवसात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, इन्पेचे आकडे वाढलेले दिसायला लागले तर आकडेच खोटे आहेत म्हणून बोल्सोनारोंनी ओरड केली. इन्पेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाओ, भौतिकशास्त्रज्ञ माणूस, त्यांनी जाहीरपणे उलट उत्तर दिलं आणि ऑगस्टमध्ये त्यांची उचलबांगडी झाली. माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढे आहे: संचालक गेला पण मोजणी थांबली नाही. प्रोडेसचे आकडे येत राहिले, आणि ते सरकारला नकोसेच आले. २०२१ ला १३,०३८ चौरस किलोमीटर, पंधरा वर्षांतला सर्वात मोठा आकडा. एमबी जर सरकारच्या खिशात असती तर तिथे छान गुळगुळीत आकडा लिहून मोकळे झाले असते.

आणि पैसे? ते बीएनडीईएसमध्ये तसेच पडून होते, अब्जावधी रेआल (ब्राझीलचं चलन), कोणी हात लावायचा नाही. तीन वर्षांच्या वर. २०२२ च्या नोव्हेंबरात ब्राझीलच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फंड परत चालू करा, आणि १ जानेवारी २०२३ ला लुलांनी परत शपथ घेतली त्याच दिवशी फंडाच्या कागदावर सही केली, मरिना सिल्व्हा परत मंत्री झाल्या. यंत्रणा मोडकळीला आली होती पण मेली नव्हती. ऑगस्ट २०२४ ते जुलै २०२५ चा आकडा आहे ५,७९६. म्हणजे २०२१ च्या निम्म्याहूनही खाली.

इंडोनेशियाची गोष्ट मात्र बिल अडकलेल्या ठेकेदाराची. २०१० मध्ये नॉर्वेने त्यांनाही १ अब्ज डॉलर कबूल केले, त्यांनी २०११ पासून मूळ जंगलात आणि पीटच्या दलदलीच्या जमिनीत नवीन परवाने देणं थांबवलं, पुढे तोड कमी पण झाली. मग पहिलं पेमेंट ठरलं ५ कोटी ६० लाख डॉलरचं, आणि ते काही येईना. कुठल्या खात्यात, कुठल्या एजन्सीमार्फत, कोणत्या अटींवर, हा कागद तो कागद. २०२१ च्या सप्टेंबरात इंडोनेशियाने करारच मोडला. दुसऱ्या वर्षी नवीन करार झाला आणि ते पैसे शेवटी मिळाले, पण मधल्या काळात 'हे गोरे लोक काम करून घेतात आणि पैसे देत नाहीत' हा जो मेसेज गेला तो गेलाच. इक्वेडोरने तर उलटंच केलेलं, आधी पैसे द्या मग आम्ही यासुनीच्या जंगलाखालचं तेल काढत नाही, ३६० कोटी डॉलर द्या म्हणाले, जगाने दिले जेमतेम सव्वा-दीड कोटी, २०१३ ला त्यांनी योजना गुंडाळली आणि विहिरी खणल्या. गंमत म्हणजे दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, तिथल्या लोकांनीच मतदान करून सांगितलं की ते तेल काढणं बंद करा.

आता कोणी म्हणेल की हे दोन-दोन देशांचे करार झाले, सगळ्या जगाचा मिळून एक कायदा का नाही? तर हवामानाचा आहे, जैवविविधतेचा आहे, वाळवंटीकरणाचा सुद्धा आहे, जंगलांचा नाही. १९९२ ला रिओच्या परिषदेत करायचा होता, तेव्हा विरोध करणाऱ्यांत मलेशिया आणि भारत पुढे होते. आपलं म्हणणं होतं की तुम्ही तुमची जंगलं कधीच कापून श्रीमंत झालात, आता आमची झाडं जगाची कशी काय झाली, तुमचं तेल नाही होत ते जगाचं. मला हे म्हणणं आजही पटतं, खरं सांगायचं तर. पण परिणाम काय झाला तर एक कागद निघाला ज्याच्या नावातच आहे की हा कोणावर बंधनकारक नाही. मग २०१४ ला न्यूयॉर्कचं घोषणापत्र, २०२१ ला ग्लासगोचं, १४० च्या वर देशांनी सही केली की २०३० पर्यंत जंगलतोड थांबवू. भारताने नाही केली, त्यात व्यापाराचा मुद्दा घुसवला होता म्हणून. आणि ग्लासगोनंतर तीनच वर्षांनी, २०२४ मध्ये, उष्ण कटिबंधातलं मूळ जंगल ६७ लाख हेक्टर गेलं, मोजायला लागल्यापासूनचा उच्चांक. घोषणापत्राला रेट नाही, मुदतीचा दंड नाही, एमबी नाही. सह्या काय, लग्नाच्या आहेराच्या वहीत पण असतात.

थांबा, इथे कोणाला शंका येईल. २०२४ ला ब्राझीलचा प्रोडेसचा आकडा तर उतरला होता, मग उच्चांक कसा? आग. त्या वर्षी दुष्काळ भयंकर होता आणि सगळ्यात जास्त नुकसान ब्राझीलमध्येच झालं, पण प्रोडेस मुख्यतः सपाट केलेलं जंगल धरतं, आगीने अर्धमेलं झालेलं धरत नाही. जो आयटम शेड्यूलमध्येच नाही त्याची मोजणी होत नाही, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. तसंच सेराडोचं. ॲमेझॉनच्या खालच्या बाजूला ही झुडपी गवताळ जंगलं आहेत, ॲमेझॉनमध्ये शेतकऱ्याला जमिनीच्या ८० टक्के जंगल राखायला लागतं, सेराडोत बहुतेक ठिकाणी फक्त २० टक्के. २०२३ मध्ये ॲमेझॉनमध्ये तोड घटली आणि सेराडोत वाढली, ॲमेझॉनपेक्षाही जास्त झाली. सगळं जग ॲमेझॉनचे फोटो लावतं, सेराडोला विचारतो कोण.

२०२५ च्या नोव्हेंबरात बेलें शहरातल्या हवामान परिषदेच्या वेळी ब्राझीलने नवीन फंड काढला, त्याला टीएफएफएफ म्हणतात. कल्पना अशी की सरकारांकडून २५ अब्ज डॉलर घ्यायचे, बाजारातून १०० अब्ज उचलायचे, ते गुंतवायचे, आणि वरचा जो फायदा सुटेल त्यातून जंगल राखणाऱ्या देशांना दर हेक्टरी दर वर्षी ४ डॉलर द्यायचे. तोड किती कमी केली याचे नाही, जंगल उभं आहे याचेच पैसे. एक हेक्टर तोडलं की कमीत कमी शंभर हेक्टरांचे पैसे कापायचे, हा दंडाचा क्लॉज मला फारच आवडला. आणि पैशातला २० टक्के हिस्सा आदिवासी आणि स्थानिक लोकांसाठी. ऐकायला छान आहे पण ४ डॉलर हेक्टरी म्हणजे आपल्या भाषेत एकराला वर्षाचे जेमतेम दीडशेच्या आसपास रुपये. त्या जमिनीवर सोयाबीन लावलं तर काय मिळेल ते शेतकऱ्याला विचारा. पैसे सरकारला मिळणार, शेतकऱ्याला नाही हे मान्य, पण तरी. परिषद संपेपर्यंत पावणेसात अब्जाच्या आसपास कबूल झाले, त्यात नॉर्वेचे तीन, परत नॉर्वेच. भारत निरीक्षक म्हणून आलाय, म्हणजे बसतो, बघतो, खिशात हात घालत नाही.

आपण मात्र दुसऱ्या बाजूने यात कधीचेच आहोत. पाम तेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार भारत, बहुतेक माल इंडोनेशिया आणि मलेशियाचा. मी हे वाचून घरातल्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली, बिस्किटं, फरसाण, इन्स्टंट नूडल्स, आंघोळीच्या साबणापर्यंत सगळीकडे पामोलिन नाहीतर पाम. ते तेल कुठल्या जमिनीवरचं, ती जमीन दहा वर्षांपूर्वी जंगल होती का, हे पाकिटावर कुठेच नसतं आणि आयात करणाऱ्याला कोणी विचारतही नाही. युरोपने २०२३ ला कायदा केला की पाम, सोया, कॉफी, कोको, रबर, लाकूड, गुरांचा माल आणायचा तर जमिनीचं जीपीएस लोकेशन द्या, आणि ती ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेली नसली पाहिजे. तो कायदा त्यांनीच दोनदा पुढे ढकललाय, आता २०२६ च्या शेवटाला म्हणतात. छोटे शेतकरी कागद कुठून आणणार ही तक्रार खरी आहे, इंडोनेशियातल्या पाम बागांचा मोठा वाटा दोन-चार हेक्टरवाल्यांकडे आहे आणि त्यांच्याकडे जीपीएसचा नकाशा सोडा, धड जमिनीचा कागद नसतो.

असा नियम उद्या आपल्याकडे आणायचं म्हटलं तर मी हो म्हणेन, पण ते नकाशे काढायचा खर्च आयातदाराच्या माथी टाकायचा आणि छोट्या शेतकऱ्याला निदान पाच वर्षं द्यायची या अटीवर. तेलाचा भाव किलोमागे दोन-चार रुपये चढेल. दिवाळीच्या तोंडावर चढला तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय काय लिहून येईल ते मला आत्ताच दिसतंय, आणि त्यात सगळ्यात आधी बायकोचा मेसेज असेल.